हुकावरचे अकरा खलनायक

ताई,
माझं वय 36. गेली 9 वर्षं मी सहा इंची अ‍ॅक्शन फिगर, म्हणजे सिनेमा-कॉमिक्समधल्या पात्रांच्या हात-पाय हलणाऱ्या बाहुल्या, जमवतोय. मी नेहमी जातो ते दुकान एका मोठ्या साखळीचं आहे, बऱ्याच शाखा आहेत त्यांच्या. तिथे पाच महिन्यांपासून एकाच खलनायकाचे 11 नग हुकावर लटकताहेत. नवी वेव्ह, म्हणजे त्याच मालिकेतल्या फिगरची पुढची खेप, बाजारात येऊन चार महिने झाले. बाकीच्यांनी टाकलेले तिचे फोटो रोज बघतो, आमच्या दुकानात मात्र एक नग नाही. आम्ही पाच मित्र आळीपाळीने दर आठवड्याला मॅनेजरला विचारतो. आता तो आम्हाला लांबून बघितलं की गोदामात शिरतो. शेवटी आम्ही बेत केलाय: अकराही नग विकत घ्यायचे आणि आठवड्याभरात दुसऱ्या शाखेत परत करायचे. हुक रिकामे झाले की यांना नवा माल मागवावाच लागेल. एका मित्राने हे पूर्वी केलंय, आणि जमलं होतं म्हणतो. बायकोच्या मते हा शुद्ध बालिशपणा आहे. नियमाप्रमाणे तर यात काही चूक नाही ना?
— रिकाम्या हाताने परतणारा
ता. क. दुकान उघडायच्या आधी दारात जाऊन उभं राहणं या वयात बरं दिसतं का?

* * *

तुमचा बेत चालेल. म्हणजे जमू शकेल, एवढंच. हे आधीच कबूल करते, नाहीतर पुढचं सगळं वाचताना तुम्हाला वाटायचं की या बाईला दुकानदारीतलं काही कळत नाही, नुसता उपदेश चाललाय. नोकरीच्या सुरुवातीची तीन वर्षं मी खेळण्यांच्या एका मोठ्या दुकानात मालाची मोजदाद करत होते. तुमच्यासारखे लोक दिसले की गोदामात शिरणाऱ्यांत मीही होते. आणि आज माझ्याच घरात छोट्या धातूच्या गाड्यांनी भरलेली दोन कपाटं आहेत. तेव्हा दोन्ही बाजूंची लाज मला ठाऊक आहे.

पहिली गोष्ट. तुम्ही लिहिता की दुकानात माल नाही. दुकानाच्या मते माल आहे. चांगले अकरा नग आहेत!

सगळी गोम इथेच आहे. जून 1974 मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका सुपरमार्केटात च्युइंगगमचं पाकीट बारकोड वाचून विकलं गेलं, आणि तिथून पुढे हळूहळू दुकानाला आपला माल डोळ्यांऐवजी आकड्यांतून दिसायला लागला. खेळण्यांच्या कंपन्या काय करतात, तर एका मालिकेतल्या सगळ्या फिगरना बऱ्याचदा एकच कोड देतात. नायक, त्याची बहीण, राक्षस, तुमचा तो खलनायक, सगळे एकाच आकड्याखाली. एवढंच नाही, पहिली वेव्ह, दुसरी वेव्ह, तिसरी वेव्हसुद्धा पुष्कळदा त्याच कोडवर येते. कंपनीच्या भाषेत हे एक ‘असॉर्टमेंट’. दुकानाच्या कॉम्प्युटरला चेहरे कळत नाहीत. त्याला कळतं की या कोडचे अकरा नग शिल्लक आहेत, रोज एकही विकला जात नाही, मग आणखी कशाला मागवायचे? आणि त्याच्या परीने तो बरोबरच आहे. ज्या मालाची उचल नाही, तो पुन्हा कोण भरेल?

म्हणजे तुम्ही ज्या नव्या वेव्हची वाट बघताय, ती या अकरा जणांच्या पाठीमागे अडकली आहे. संग्राहक यांना ‘पेगवॉर्मर’ म्हणतात, हुक ऊबदार ठेवणारे. नाव गोड आहे. प्रत्यक्षात ते दाराला लावलेले अडसर आहेत.

आता हेच अकरा का उरले? सहा इंची फिगरची पेटी साधारण आठ नगांची असते आणि त्यात सगळी पात्रं सारख्या संख्येने येतातच असं नाही. एखादं पात्र दोनदा येतं, एखादं जुन्या वेव्हमधून पुढच्या पेटीतही ढकललेलं असतं. त्यात तो ‘मोठी फिगर जोडा’ प्रकार. प्रत्येक डब्यात कुणाचा तरी हात, पाय नाहीतर डोकं, आणि सगळे डबे घेतले की एक भला मोठा आसामी उभा राहतो. टॉय बिझ या खेळण्यांच्या कंपनीने 2005 मध्ये मार्व्हल कॉमिक्समधल्या गॅलॅक्टस या अवाढव्य पात्रापासून हे सुरू केलं आणि पुढे ते हॅस्ब्रो या कंपनीकडे आलं. तुमच्या खलनायकाचा डबा एकदा उलटा करून बघा. त्यात जोडायचा भाग नसेल, तर तो का लटकतोय हे कोडं तिथेच सुटलं. भाग नाही म्हणून संग्राहक घेत नाहीत, आणि चेहरा ओळखीचा नाही म्हणून मुलंही घेत नाहीत.

मग मॅनेजरचं काय? साखळीतल्या दुकानाचा मॅनेजर खेळण्यांचा माल स्वतः निवडून मागवतो, हा समज सोडा. कुठल्या हुकावर काय लागणार याचा आराखडा मुख्य कार्यालयातून येतो, आणि मालाची मागणी कॉम्प्युटर आपणहून पाठवतो. तुम्ही पाच जण त्याला दर आठवड्याला “नवी वेव्ह कधी येणार?” असं विचारता, त्याचं उत्तर त्याच्याकडे नाहीच. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असं चाललंय तुमचं. मी तिथे होते तेव्हा एक गृहस्थ रोज संध्याकाळी येऊन तोच प्रश्न तोच सूर लावून विचारत. वेळापत्रक बघून उत्तर द्यायला मला दोन मिनिटंसुद्धा लागली नसती, पण ते वेळापत्रक आम्हाला कधी दाखवलंच जात नव्हतं. त्यांना वाटायचं मी लपवतेय. मला वाटायचं हे छळतात. दोघंही आपापल्या जागी चुकत होतो.

आता तुमच्या बेताकडे. तुम्ही अकरा नग घेतलेत की पहिल्या शाखेत शिल्लक शून्य. कॉम्प्युटर खूश, मागणी जाते, पेटी येते. तुमच्या मित्राचं एवढंच जमलं असणार. पण तुम्ही ते अकरा दुसऱ्या शाखेत टाकलेत की तिथली शिल्लक अकराने वाढली आणि तिथली मागणी बंद झाली. तिथेही तुमच्यासारखे पाच मित्र असतील ना? पुढच्या आठवड्यात तेही हाच बेत करतील आणि तुमचा खलनायक फिरत फिरत तुमच्याच हुकावर परत येईल. आपल्या दारातला कचरा शेजारच्या अंगणात लोटणं म्हणतात ते हेच.

दुसरं, तुमच्यासाठी जास्त वाईट. मागणी गेली म्हणून नवी वेव्हच येईल कशावरून? कोड तोच आहे. साखळीच्या मध्यवर्ती गोदामात जुन्या वेव्हच्या पेट्या पडून असतील, तर आधी त्या निघणार. पेटी उघडाल आणि आतून तोच चेहरा हसताना दिसेल. हे मी गोदामात डोळ्यांनी बघितलंय. फोडलेल्या पेटीसमोर एक तरुण संग्राहक जवळजवळ रडायला आला होता.

आणि तिसरं म्हणजे, मुख्य कार्यालयात खरेदी ठरवणारा माणूस विक्री बघताना परत आलेला माल वजा करतो. अकरा विकले, अकरा परत. त्याच्या हिशेबी या मालिकेची विक्री शून्य झाली, वर परतीचा व्याप. पुढच्या वर्षी हुक कमी करायचे ठरले, तर कात्री आधी कुणावर चालेल?

नियमाचं विचारलंत. बहुतेक दुकानं न उघडलेला डबा पावतीसह परत घेतात, तेव्हा तो नियम मोडला असं कुणी म्हणणार नाही. पण जमवायच्या छंदात एक घाणेरडी खोड आहे. नवी फिगर घ्यायची, डब्यात जुनी मोडकी फिगर भरायची, डबा चिकटवायचा आणि परत करायचा. याचमुळे अनेक ठिकाणी आमच्या जमातीच्या परतीकडे आधीच संशयाने बघितलं जातं. अकरा सारख्याच फिगर घेऊन काउंटरवर उभं राहिलात, तर कारकुनाच्या चेहऱ्यावर जे दिसेल ते तुम्हाला आवडणार नाही. तुमच्या बायकोने नेमका हाच चेहरा डोळ्यांसमोर आणून ‘बालिशपणा’ म्हटलं असावं, असा माझा अंदाज आहे. बेत बालिश आहेच. पण त्यामागची तुमची तक्रार बालिश नाही.

मग करायचं काय?

पाच जणांनी जाणं आधी बंद करा. एकाने जायचं, आणि सकाळी दुकान उघडल्यावर गर्दी व्हायच्या आत जायचं. शनिवार-रविवार नको. बोलायला बसलात की नवी वेव्ह हा शब्दच काढू नका. मॅनेजरच्या हातात ज्या दोन गोष्टी असतात, फक्त त्याच मागायच्या. साधारण असं:

“साहेब, या हुकावरचे अकरा नग पाच महिने हललेले नाहीत. जुन्या आणि नव्या फिगरचा कोड एकच असल्यामुळे तुमच्याकडे शिल्लक दिसते आणि नवा माल अडतो. यांची किंमत उतरवता येईल का? आणि सिस्टीममधला आकडा एकदा प्रत्यक्ष मोजून बघाल का?”

पहिलं, किंमत उतरवणं. बऱ्याच साखळ्यांत पडून असलेल्या मालावर थोडीफार सूट द्यायचा अधिकार शाखेला असतो. नसला तर ‘हा माल क्लिअरन्सला काढा’ अशी शिफारस तो वर पाठवू शकतो. पडीक माल हा त्याचाही डोकेदुखीचा विषय आहे, कारण प्रत्येक हुकाकडून किती विक्री झाली हे त्याला विचारलं जातं. तुम्ही त्याचीच अडचण त्याच्या शब्दांत सांगितलीत, तर तो गोदामात कशाला पळेल?

दुसरं, मोजदाद. याला मी फार महत्त्व देते, कारण तीन वर्षं मी हेच केलं. कॉम्प्युटरमध्ये असलेला पण दुकानात नसलेला माल, याला आम्ही भुताचा माल म्हणायचो. नग चोरीला जातो, चुकून दुसऱ्या रांगेत टांगला जातो, डबा फाटून मागे पडतो, कधी काउंटरवर दोन वेगळ्या वस्तूंऐवजी एकच वस्तू दोनदा स्कॅन होते. आकडा तसाच राहतो. तुमच्या हुकावर अकरा दिसतात आणि सिस्टीममध्ये एकोणीस असू शकतात. मग अकराही विकले गेले तरी मागणी जाणार नाही, कारण त्या आठ भुतांनी हुक अडवलेले आहेत! हे फक्त माणसाने हाताने मोजून दुरुस्त होतं, आणि मॅनेजरला ते दहा मिनिटांत करता येतं. माझ्या अनुभवात रिकाम्या हुकाचं सगळ्यात जास्त आढळणारं आणि सगळ्यात कमी विचारलं जाणारं कारण हेच.

किंमत उतरली की अकरा नग तुम्हीच घ्या, पण परत करायला नको. पाच मित्रांत दोन-दोन, एक उरला तो तुमच्या बायकोला, खटला मिटवायला. किंवा घरात ठेवायचे नसतील तर मुलांना वाटा. कुणाच्या वाढदिवसाला द्या, जवळच्या शाळेला किंवा अनाथाश्रमाला विचारून बघा. सात वर्षांच्या मुलाला खलनायक कोणत्या वेव्हचा आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं, आणि डब्याला चीर गेलेली आहे का हेही तो बघत नाही. मला तर वाटतं, तो मोठा आसामी जोडत बसण्यात आपण जे विसरतो, ते त्या मुलाला अजून ठाऊक असतं. पण हा वेगळा विषय झाला.

आता माझ्या मते खरा रस्ता. साखळीचं दुकान जरा वेळ विसरा. एकट्या मालकाचं छोटं दुकान शोधा, खेळण्यांचं किंवा कॉमिक्सचं, जो वितरकाकडून पेटीने माल उचलतो. तिथे कॉम्प्युटर मालकाच्या डोक्यात असतो, आणि तो तुमचं ऐकतो. त्याला सांगायचं: पुढच्या वेव्हची एक पूर्ण पेटी आम्हाला हवी, आगाऊ रक्कम आत्ता देतो, पेटी आली की न फोडता घेऊन जाऊ. छोट्या मालकाला याहून गोड वाक्य क्वचित ऐकायला मिळतं. त्याला पेगवॉर्मरची भीती असते म्हणून तो मागवत नाही. ती भीती तुम्ही अंगावर घेताय.

पण बोलायच्या आधी पाच जण बसून कागदावर लिहा कुणाला काय हवं. इथे मैत्र्या तुटलेल्या मी बघितल्यात. पेटीत साधारण आठ नग असतात. पाचही जणांना तोच एक नायक हवा असेल, तर एका पेटीत तो एकदा, फार तर दोनदा असेल. मग एक तर पाच पेट्या घ्या आणि मोठा आसामीही पाच जणांचे पाच जोडा, नाहीतर आधीच चिठ्ठ्या टाका. आणि कुणालाच नको असलेला नग कुणी घ्यायचा, हे पेटी यायच्या आत ठरवा. तो नग दुकानदाराच्या गळ्यात मारायचा नाही. मारलात, तर पुढच्या वेळी तुमच्याकडे बघून तोही गोदामात शिरेल.

कंपनीला लिहावं का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. लिहा, मात्र त्यातून काय होतं आणि काय होत नाही हे आधी समजून घ्या. 2015 मध्ये हॅस्ब्रोने स्टार वॉर्सची मोनोपॉली काढली आणि त्यात नव्या चित्रपटाची नायिका रे हिची सोंगटीच नव्हती. आठ वर्षांच्या एका मुलीने पत्र लिहिलं, गाजावाजा झाला आणि जानेवारी 2016 मध्ये कंपनीने रे घालण्याचं मान्य केलं. मोठा विजय! पण 2017 मध्ये कळलं की रे असलेला खेळ बनला खरा, तरी अमेरिकेतल्या दुकानांत तो आलाच नव्हता. दुकानदारांना पुरेसा रस नव्हता, असं कंपनीचं म्हणणं होतं. ज्यांनी मागितली त्यांना कंपनी सोंगटी स्वतंत्र पाठवत होती. म्हणजे पत्राने कारखान्याचं दार उघडतं, दुकानाचं उघडेलच असं नाही. ती दोन वेगळी दारं आहेत. कंपनीला लिहाल तेव्हा ‘नवी वेव्ह पाठवा’ नको. ‘जुनी पात्रं पुढच्या पेट्यांत घालू नका आणि प्रत्येक वेव्हला वेगळा कोड द्या’ असं लिहा. हे त्यांच्या हातात आहे.

एक शक्यता तुमच्या पत्रात कुठेच नाही. नवी वेव्ह येऊन गेलीही असेल. पेटी फुटते, चांगले नग कुणी तरी सकाळीच उचलतं आणि चढ्या भावाने विकतं. माझ्या गाड्यांच्या जगात हे रोजचं आहे. हॉट व्हील्सने 1995 मध्ये ‘ट्रेझर हंट’ काढलं, बारा गाड्या, प्रत्येकीच्या जगभरात फक्त 10,000 प्रती. तेव्हापासून 72 गाड्यांची पेटी फुटायच्या वेळी तिथे कोण उभं आहे यावर सगळं ठरायला लागलं. अशा लोकांशी भांडू नका, जिंकत नाही कुणी. मॅनेजरला एवढंच विचारा की गेल्या दोन महिन्यांत या कोडची पेटी आली होती का. हे त्याला दिसतं आणि सांगण्यात त्याची काही हरकत नसते. आली असेल, तर तुमचा अडसर हुक नाही, घड्याळ आहे, आणि मग हा सगळा सल्ला अर्धा बाद.

ता. क. चं उत्तर. बरं दिसतं की नाही, ते सोडा. मी 51 वर्षांची आहे आणि गेल्या महिन्यात शटर वर जायच्या आधी वीस मिनिटं उभी होते. माझ्या मागे एक आजोबा होते, नातवासाठी आलोय म्हणाले. नातवाचं नाव विचारलं तर जरा अडखळले. आम्ही दोघं हसलो आणि आत गेल्यावर त्यांना त्यांची लाल ट्रक मिळाली.